शरणपूरच्या पेटीतली तुर्की पुस्तकं

मालेगावहून निघालेली सर्व्हिस मोटार राहुडच्या घाटात तापली. ड्रायव्हर पाणी आणायला गेला, आम्ही उतारू सावलीला बसलो. सटाण्याकडच्या एका शेतकऱ्याने विचारलं, "कोठे चालनात, भाऊ?"

"नाशिकला. पुस्तकांची यादी करायला."

"यादी कराले बी.ए. लागस का?"

"पुस्तकं तुर्की असली की लागस," मी म्हणालो. विणकराच्या घरातला पहिला पदवीधर मी. एवढा ताठा चालायचा.

नाशकात शरणपूरला एक वृद्ध, नजर अधू झालेले पादरीसाहेब राहत. हिमालयापलीकडच्या काशगरात त्यांच्या मिशनचा छापखाना होता; तिथली बोली तुर्की. तिथल्या बंडाळीत तो बंद पडला, पुस्तकं जाळली गेली. साहेबांनी वाचवली तेवढी एका पेटीत. शनिवारी ती मुंबईच्या ग्रंथालयात जायची होती. धड यादी सोबत नसेल तर ते पेटी परत पाठवणार. आमच्या फारशीच्या प्रोफेसरांनी माझं नाव सुचवलं होतं.

साहेबांचे कारकून दाजीबा यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "मालेगावचे? म्हणजे लुगड्यांतलं कळत असेल. पुस्तकांतलं काय कळणार?"

"लुगडं कुठून सुरू झालं, तेवढं कळतं," मी म्हणालो.

त्यांनी आधी एक यादी केलीच होती. एकवीस पुस्तकं, त्यांपैकी नऊंचं नाव एकच : 'तमाम'. मी एक पुस्तक उचलून उजवीकडून उघडलं. आत सुबक अक्षरांत शीर्षक होतं. उर्दू अक्षरं जेमतेम जुळवणाऱ्या दाजीबांनी सगळी पुस्तकं मराठीसारखी डावीकडून उघडली होती, आणि शेवटच्या पानावरचं 'तमाम' (संपलं) नाव म्हणून उतरवलं होतं.

साहेब हसू दाबत म्हणाले, "दाजीबा, तुम्ही आमची पुस्तकं वाचायच्या आधीच संपवलीत."

पण माझीही फजिती पुढे होतीच. लिपी फारशीचीच, म्हणून अक्षरं वाचता येत होती; पण अर्थ निम्माच लागत होता, आणि माझे उच्चार साहेबांना कळत नव्हते. गुरुवार संध्याकाळपर्यंत अकरा नोंदी झाल्या. जुन्या नाशकातल्या मुसाफिरखान्यात (मुसलमान प्रवाशांची धर्मशाळा) मी उतरलो होतो. शेजारच्या खाटेवर काशगरकडच्या यारकंदचे एक हाजी. हजहून परतताना आजारी पडले ते इथेच राहिले, टोप्या शिवून पोट भरत. मी शीर्षकं पुटपुटत होतो. त्यांची सुई थांबली.

"फिर से पढ़, बेटा."

मी वाचलं. त्यांनी उच्चार सुधारला, मग अर्थ सांगितला. मी बिचकत म्हणालो, "चाचा, किताबें पादरियों की हैं."

"किताब पादरी की होगी. बोली मेरी माँ की है."

शुक्रवारची नमाज आटोपून ते माझ्याबरोबर शरणपूरला आले. साहेब त्यांच्याशी तुर्कीत बोलले. दोघे म्हातारे बराच वेळ बोलत राहिले. आम्ही चहा गार होताना पाहत बसलो. शुभवर्तमान, अंकगणित, पंचांग, मुलांचं अंकलिपीचं पुस्तक : संध्याकाळी एकवीसही नोंदी पूर्ण. दाजीबांनी स्वतः सुवाच्य नक्कल केली. खाली लिहिलं, 'यादीकार : मोमिन अब्दुल करीम, बी.ए., मालेगाव.' त्याखाली मी हाजीसाहेबांचं नाव घालायला लावलं.

शनिवारी पेटी मुंबईला गेली. अंकलिपीची यादीबाहेरची एक जादा प्रत साहेबांजवळ होती. ती त्यांनी मला दिली.

घरी अब्बा मागावर होते. त्यांना कुठल्याच लिपीतलं एक अक्षर येत नाही. मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी हात पुसले, पुस्तक मांडीवर ठेवलं आणि उजवीकडून उघडलं.