पसाभर कोंड्याचं लेकरू

माझी किंमत पसाभर कोंडा. हे मी नम्रपणा म्हणून सांगत नाही. सौदा रीतसर झालेला होता आणि तो करणाऱ्या दोन्ही बाया त्याला जागल्या.

माझ्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली. एक तेवढा चालायला लागला होता, तो देवीच्या साथीत गेला. मी झालो तेव्हा आईनं ठरवलं की हे पोर आपलं म्हणायचंच नाही. आपलं म्हटलं की सटवाईच्या कानावर जातं आणि ती घेऊन जाते. यावर आमच्याकडे एक जुना उपाय होता. पाचवीच्या आधी मला सुपात घालून दाराबाहेर नेलं आणि विकलं. घेणारी ओढ्यापलीकडच्या तांड्यावरची लमाण बाई. परक्या जातीत विकलं म्हणजे सटवाईला माग लागत नाही, असा हिशेब. त्या बाईनं पसाभर कोंडा आईच्या ओटीत टाकला, मला उचललं, ‘आता हे माझं. तू सांभाळ,’ असं म्हटलं आणि परत आईच्याच मांडीवर ठेवलं. तेव्हापासून मी आईकडे सांभाळायला होतो.

तांड्यावरच्या आईला मी याडी म्हणायचो, त्यांच्यात आईला तसंच म्हणतात. घरातल्या आईला ‘अवं’ म्हणायचो. ‘आई’ हे मी आता लिहिताना म्हणतोय. तेव्हा तशी हाक मारली असती तर तिनं तोंडावर हात ठेवला असता. माझं नाक टोचून त्यात तांब्याची वाळी घातली होती आणि नाव असं ठेवलं होतं की ते ऐकून कुणाला मला न्यावंसं वाटू नये.

शिरड शहापूरच्या बाजाराला जाताना कुणी म्हणालं, ‘पोरगं चलाख हाय तुमचं,’ की आई मान वर न करता म्हणायची, ‘माझं काहून? तांड्यावरच्या बाईचं हाय.’ जेवायला वाढताना म्हणायची, ‘जेव. लोकाचं लेकरू हाय, उपाशी ठिऊन कसं चालंल?’ लोकाचं लेकरू असल्यामुळे माझ्या भाकरीवर तूप जरा जास्तच पडायचं. वडिलांना यातलं काही विचारलं तर ते म्हणत, ‘सौदा बायकांचा हाय. मला इचारू नका.’

गावाला हे सगळं कळत होतं. कळलं नाही ते सरकारला. आमच्या वाट्याला आलेला सरकारचा पहिला माणूस म्हणजे गावच्या शाळेचे मास्तर. ते परभणीहून नवे आलेले होते. शाळेत नाव घालायला आई मला घेऊन गेली तर त्यांनी सहज विचारलं, ‘तुमचा मुलगा?’

‘न्हाई.’

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नाक, हनुवटी, कपाळ, सगळं एका साच्यातलं.

‘मग कुणाचा?’

‘तांड्यावर इचारा.’

‘राहतो कुठं?’

‘माझ्या घरी.’

‘जेवतो कुठं?’

‘माझ्या घरी. काहून? शाळेत जेऊ घालून राहिलात व्हय?’

मास्तरांना वाटलं, पोर पळवून आणलंय. ते तसेच पाटलाकडे गेले. पाटील म्हणाला, ‘बराबर सांगून राहिली बाई. तिचं न्हाई ते.’ दुसऱ्या दिवशी याडी आली. आरशांची कांचळी, कोपरापर्यंत बांगड्या, घागरा सावरत ती शाळेच्या ओट्यावर चढली आणि बसली. ‘पोरगं माझं हाय,’ ती म्हणाली. ‘शिकवा. मारायचं असंल तर मला इचारून मारा.’ मास्तरांनी पालक म्हणून काय लिहिलं ते मला माहीत नाही. पण त्यानंतर माझ्यावर छडी उगारली की ते आधी ओढ्याच्या दिशेनं एकदा बघून घेत.

याडीनं तो सौदा आईइतकाच मनावर घेतला होता. बाजाराच्या दिवशी ती शाळेत डोकवायची आणि मला उभं करून पाढे म्हणायला लावायची. चुकलो तरी तिला कळत नव्हतं, पण थांबलो की कळायचं. निजामाच्या तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, साहेब तपासणीला आले तेव्हा माझ्या नाकातली वाळी बघून त्यांनी मास्तरांना विचारलं, ‘लडकी है?’ मास्तर म्हणाले, ‘लडका.’ साहेबांनी ती काढायचा हुकूम दिला. मास्तर हुकूम घेऊन आईकडे गेले. आई म्हणाली, ‘ज्याची वस्तू त्याला इचारा.’ मग ते ओढा ओलांडून तांड्यावर गेले, तिथली कुत्री त्यांच्या मागे लागली, आणि वाळी राहिली.

इथपर्यंत गंमत होती. मग देवी टोचणारा आला.

मी तिसरीत होतो. आधी सांगितलं तर पोरं रानात पळतात म्हणून सरकारचा हुकूम असा, की शाळेचं दार लावून घ्यायचं आणि आतल्या सगळ्यांना टोचून टाकायचं. आईबापांना विचारायचं नाही. पण गावात अशी गोष्ट किती वेळ लपणार? घटकाभरात शाळेसमोर बाया जमल्या. देवीचा आजार म्हणजे देवीनं घरी येणं, आणि तिला सुईनं डिवचलं तर ती लेकरू घेऊनच जाते, असं सगळ्यांना माहीत होतं. प्रत्येक बाई आपल्या पोराचं नाव घेऊन ओरडत होती. ‘माझ्या लेकराला हात लावू नका!’ काहींनी दारावर दगड मारले.

आई आली तेव्हा तिच्या हाताला पीठ होतं. मी खिडकीत होतो. मास्तर वैतागून दाराबाहेर उभे होते, त्यांनी तिलाही विचारलं, ‘तुमचं कोण आहे आत?’

आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. बाकीच्या बाया ओरडत होत्या, ती एकटी गप्प उभी होती. एक मुलगा तिचा देवीत गेलेला होता, दुसरा सुईसमोर रांगेत होता, आणि तिला ओरडायचीसुद्धा चोरी. मग ती वळली आणि ओढ्याकडे पळत सुटली. तिला इतक्या जोरात पळताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

याडी आली. आई तिच्या मागे, धापा टाकत. याडीनं दार ढकललं, त्या माणसाचं सामान पाहिलं, मग बांगड्या वर सारून आपला दंड त्याला दाखवला. तिथं टोचल्याचा जुना वण होता. ‘टोचा,’ ती म्हणाली. ‘मी कुठं मेले?’ आई मागून तिचा घागरा ओढत होती. याडीनं वळून पाहिलं नाही. हक्क तिचा होता आणि तो तिनं बजावला.

माझा दंड सुजला, ताप आला, उतरला. ताप होता तोवर आई माझ्याशेजारून उठली नाही आणि माझ्याशी एक अक्षर बोललीही नाही. पुढे कितीतरी बाजार तिनं याडीशी बोलणं टाकलं होतं. पण सौदा मोडला नाही.

गावची शाळा संपल्यावर मी हिंगोलीला मोठ्या शाळेत गेलो. तिथं लांबच्या एका नातेवाइकाकडे राहायचो. नाकातली वाळी मी स्वतःच काढली, याडीला विचारून. तिकडे देश स्वतंत्र झाला होता आणि आम्ही अजून निजामाच्याच राज्यात होतो. शाळेत रोज सकाळी सरकारच्या दीर्घायुष्याचं गाणं म्हणावं लागे. एका सकाळी वरच्या वर्गातली पोरं गाणं न म्हणता बाहेर पडली, त्यांच्यामागे आमचा वर्ग निघाला आणि वर्गामागे मी. मी काही पुढारी नव्हतो. मागे राहिलो असतो तर गाणं एकट्याला म्हणावं लागलं असतं, आणि त्या दिवसांत माझा आवाज फुटत होता.

आम्हाला स्टेशनच्या रस्त्यावर धरलं आणि चौकीत बसवलं. अमीनसाहेबांनी, म्हणजे तिथल्या फौजदारानं, हुकूम काढला की पोराचे सख्खे आईबाप येऊन, हे पोर आमचं, पुन्हा असं करणार नाही, असं तोंडानं सांगतील तर सोडू; नाहीतर परभणीच्या तुरुंगात. एकेकाचा बाप आला, अमीनासमोर पोराला एक ठेवून दिली आणि घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच उरलो. माझे वडील येणार नव्हते. त्यांच्या पायात नारू निघाला होता आणि त्यांना घराचा उंबरा ओलांडता येत नव्हता.

बैलगाडी आली ती दोन बायांना घेऊन. याडी पुढे झाली. ‘पोरगं माझं हाय साहेब. सोडा.’

अमीनाच्या तोंडात पान होतं. त्यानं तिच्या घागऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शिपायाला म्हणाला, ‘इसको बाहर करो.’ याडी म्हणाली, मी विकत घेतलंय, सगळ्या गावाला विचारा. अमीन म्हणाला, सरकारात माणसं विकत घ्यायला बंदी आहे, आणखी बोललीस तर तुलाही बसवतो. मग त्यानं आईकडे बोट दाखवलं.

‘तू कौन? माँ है?’

आईनं याडीकडे पाहिलं.

‘माँ नहीं तो लडका परभणी जाएगा. आज ही.’

मी खाली बघत होतो. तिनं बोलावं असं मला वाटत होतं आणि बोलू नये असंही वाटत होतं, कारण तिच्या लेखी तो माझ्या जिवाचा प्रश्न होता. तुरुंगात मी मेलो असतो की नाही ते सांगता येत नव्हतं. ‘माझा’ म्हटल्यावर मात्र मरणारच होतो.

ती काहीतरी पुटपुटली.

‘जोर से बोलो.’

‘माझा हाय!’ आई ओरडली. ‘माझा हाय, माझ्या पोटचा हाय!’ बाहेर गाडीचे बैल उभे होते त्यांनी माना वर केल्या. अमीन दचकला. त्यानं पान गालात सारलं, लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला आणि जरा समजुतीनं म्हणाला, ‘इतनी सी तो बात थी.’

परत येताना आई गाडीत माझ्याकडे पाठ करून बसली. याडी आमच्या मध्ये. आईचे खांदे हलत होते. ती माझ्या मरणाला रडत होती आणि मला मात्र असा आनंद झाला होता की काय सांगू. त्या वयापर्यंत तो शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. गाडीच्या चाकाबरोबर मी तो मनात म्हणून बघत होतो. चेहरा तेवढा पडलेला ठेवला.

घरी पोचल्यावर आईनं मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि सूप आणलं. मिसरूड फुटलेला मी सुपात मावणार कसा? एक पाय सुपात ठेवून उभा राहिलो. आईनं खाली बसून ओटी पसरली. वडील आतून बाजेवरून बघत होते.

‘पसाभर,’ आई म्हणाली.

‘पसाभर नव्याला दिला व्हता,’ याडी म्हणाली. ‘आता हे वापरलेलं हाय. अन् खातं किती!’

आई हसली नाही. याडीनं पसाभरच दिला, वर आणखी मूठभर टाकला. तरी आई उठेना. ‘त्या मायनं ऐकलं असंल,’ ती म्हणाली. ‘म्या वरडून सांगितलं.’

याडी तिच्याजवळ खाली बसली. ‘अवं, अमीनानं उर्दूत लिवलं. सटवाईला कुठं उर्दू येतं?’

आईनं ओटीतला कोंडा हातानं सारखा केला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, ‘व्हय रं पोरा, उर्दूतच लिवलं का?’ मी म्हणालो, व्हय, सगळं उर्दूत. तेव्हा ती उठली, आत गेली, ताट घेतलं. ‘जेव,’ म्हणाली. ‘लोकाचं लेकरू हाय.’

त्यानंतर काही महिन्यांत पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. शाळा पुन्हा उघडल्या. आमच्या शाळेत नवे हेडमास्तर आले, पांढरी टोपी, मऊ बोलणं. गाणं न म्हटल्याबद्दल ज्यांची नावं काढून टाकली होती त्यांनी आईवडिलांना घेऊन यावं, असं त्यांनी सांगितलं. मी मोठ्या उत्साहानं घरी गेलो. वडील अजून लंगडत होते. ‘हेडमास्तर लई कडक हाय,’ मी आईला सांगितलं. ‘सख्ख्या आईबिगर ऐकत न्हाई.’ हे मी मनचंच सांगितलं.

दोघी आल्या. आई दाराशी थांबली, याडी आत गेली. ‘पोरगं माझं हाय,’ ती म्हणाली. ‘दोनदा ईकत घेतलंय.’

हेडमास्तरांनी तिला खुर्ची दिली आणि सगळी हकिगत ऐकून घेतली. मग ते उठून दाराशी आले, आईला हात जोडले आणि म्हणाले, ‘तुमच्या मनात नसेल तर काही बोलायची गरज नाही, बाई. आता आपलं राज्य आहे.’ आईनं दारातूनच त्यांची अलाबला घेत कडाकडा बोटं मोडली.

मी तिथंच उभा राहिलो, आईला एकदा तरी विचारतील म्हणून. पण फार चांगला माणूस होता तो. त्यानं विचारलं नाही.