रिबेकाबाईंचे कागद

शनिवारी सकाळी प्रेस उघडला आणि मागच्या खोलीत रद्दी नव्हती. मशीनमन बाबूराव म्हणाला, "मालक, तुम्हीच काल सांगितलं, कोपरा मोकळा कर." खरं होतं. मीच सांगितलं होतं.

त्या रद्दीत रिबेकाबाईंचे कागद होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरमध्ये माझा छोटा ऑफसेट प्रेस होता. रिबेकाबाई बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, निवृत्त शिक्षिका. शहरात त्यांची चार-दोन कुटुंबं उरलेली. त्यांची सात लहान मुलं दर रविवारी बाईंच्या ओसरीवर हिब्रू अक्षरं आणि प्रार्थना शिकायची. वही खाली पडली तर मूल ती उचलून तिचा मुका घ्यायचं. मुलांसाठी बाईंनी स्वतःच्या अक्षरात सोळा पानी पुस्तिका केली होती. हिब्रू ओळ, खाली मराठी उच्चार आणि अर्थ.

हिब्रू उजवीकडून वाचतात, पुस्तकही उजवीकडून उघडतं. बाईंनी हे दोनदा सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि सवयीने फॉर्मा मराठी पुस्तकासारखाच लावला. फॉर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर मांडलेली सगळी पानं, घडी घातली की क्रमाने येणारी. इथे पहिलं पान शेवटी गेलं. सगळी छपाई वाया.

बाई रागावल्या नाहीत. "पुन्हा छापा. पण हे कागद फाडू नका, जाळू नका, विकू नका. यात देवाचं नाव आहे. आम्ही ते पुरतो. रविवारी मुलांच्या हातानेच पुरू."

"चुकीचे छापलेत, बाई."

"क्रम चुकला. नाव बरोबर आहे ना?"

मी हो म्हणालो आणि कामगारांना सांगायचं विसरलो.

रद्दीवाल्याला गाठलं. त्याने माल आदल्या संध्याकाळीच टेम्पोने शनिशिंगणापूरला पाठवला होता. शनिवारच्या गर्दीला पुड्यांसाठी कागद लागतो. मी स्कूटर काढली. हातात एक दिवस होता. वाटेत चहाला थांबलो आणि तो अर्धा टाकून निघालो.

देवळाजवळच्या दुकानात पोरगेलासा दुकानदार काळ्या उडदाच्या पुड्या बांधत होता. आमच्याच कागदात.

"ते कागद मला परत हवेत."

"परत? मग उडीद काय वंजळीत देऊ? रांग बघा की."

"त्यात प्रार्थना छापली आहे."

त्याचे हात थांबले. "कुनाची?"

"ज्यू लोकांची. देवाचं नाव आहे."

"आदी सांगायचं न्हाई व्हय." त्याने बांधलेल्या पुड्या सोडून उडीद डब्यात ओतले आणि कागद पुसून दिले. "निम्मे गेले, काका. आता ते कुटं धुंडाळनार?"

तरी मी दुपारभर धुंडाळले. चौथऱ्याच्या वाटेवर चुरगळलेले, तेलाने माखलेले थोडे सापडले. बाकीचे लोक घेऊन गेले होते.

परत आल्यावर गठ्ठा बांधला. फार बारीक दिसत होता. बाईंनी मूळ ढीग पाहिला होता. मी मधोमध वाया गेलेल्या लग्नपत्रिका भरल्या, वर गणपती असलेल्या, आणि वरून ब्राउन पेपर लावून सुतळीने घट्ट आवळलं.

रविवारी बाईंच्या परसात खड्डा तयार होता. मुलं ओळीने उभी.

"सगळे आहेत ना?" बाईंनी विचारलं.

"सगळे आहेत."

त्यांनी गठ्ठा उघडला नाही. मुलांनी प्रार्थना म्हटली आणि मुठीमुठीने माती लोटली. सगळ्यात लहान मुलीने माझ्या हातातही माती दिली. ती मी टाकली. नवी पुस्तिका उजवीकडून नीट उघडत होती, बाई खूश होत्या.

पुढे बाई आपल्या मुलाकडे इस्राएलला गेल्या. तिथून एकच पत्र आलं. तिथेही बाई लहान मुलांना शिकवत होत्या. लिहिलं होतं, 'शब्द पाळणं म्हणजे काय, हे सांगताना मी मुलांना नगरच्या प्रेसवाल्याची गोष्ट सांगते. एकूणएक कागद त्याने परत आणून दिला.'

मी उत्तर लिहायला चारदा बसलो. मग त्या गेल्याचं कळलं.

ती मुलं आता मोठी असतील, कदाचित आपल्या मुलांना हीच गोष्ट सांगत असतील. तेव्हा नोंद असावी: निम्मे कागद परत आलेच नव्हते. पुस्तकात चूक राहिली तर आम्ही शुद्धिपत्र जोडतो. ते पुस्तक वाचकाच्या हातात जाण्याआधी जोडायचं असतं.