आईच्या भाताची मुडी

पन्नासच्या दशकात यांची चांद्याच्या जंगलात रेंजर म्हणून बदली झाली. माझं माहेर कोकणातलं, खाडीकाठचं. आई त्याच वर्षी गेली, भाऊ नोकरीसाठी पांगले, शेत पडीक राहिलं. खाऱ्या मातीत येणाऱ्या आमच्या भाताचं बियाणं आता जगात माझ्याकडेच उरलं होतं: आईनं पेंढ्यात आवळून बांधलेली मुडी. ती मी चुलीवर टांगली. धुरानं कीड लागत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण हे पडले देशावरचे! ‘आईची वस्तू काळी होतेय’ म्हणून यांनी मायेनं पुसून ती ट्रंकेत ठेवली; यांचं मन मोडवेना म्हणून मीही तशीच राहू दिली.

होळीनंतर ट्रंक उघडली, तर भुरकट पाखरं तोंडावर उडाली. मूठभर भात काचेच्या बरणीत घातलं, वर फडकं बांधलं आणि हातातलं काम टाकून तिच्याभोवती घिरट्या घालू लागले. पाखरू दाण्यावर अंडी घाली. केसासारखी अळी आत शिरे. मग कितीतरी दिवस काहीच दिसत नसे. दाणा बाहेरून ठणठणीत. आत ती त्याला पोखरून कोषात जाई, आणि एके दिवशी दाण्याला गोल खिडकी पाडून नवं पाखरू बाहेर येई.

भात पाण्यात टाकून पाहिलं. पोकळ दाणे तरंगले, पण बुडालेल्यांत अळी नाही हे कोण सांगणार?

“पेरणीपर्यंत धीर धर, धड असेल ते उगवेलच,” हे म्हणाले. मी यांच्यावर खेकसले.

आमच्या कुडापलीकडेच शेजारणीच्या बियाण्याच्या ढोल्या, म्हणजे बांबूच्या कणग्या, होत्या. एका सकाळी ती दारात आली.

“बाई, हे पाखरं तुमच्याकडून येऊन राह्यले का? माह्या धानात शिरले तं मी पेरू काय?” मग मुडीकडे पाहून तिचा आवाज उतरला. “मायची वस्तू हाय ना तुमच्या. जाळा म्हणून मी कशी सांगू?”

ती गेल्यावर मी चूल पेटवली. बरणीतलं भात, मुडी, सगळं आत लोटलं. पोकळ दाणे निमूट काळे पडत गेले. मग तडतड सुरू झाली. जो दाणा धड होता, तोच फुटून पांढरीशुभ्र लाही होत होता.

मी कान झाकून घेतले. तडतड थांबेचना. इतके धड होते.