पाय कुठे पडतो ते मी पाहिलं

आज रविवार. सकाळी मुलीबरोबर कुरुळीहून पिंपरीला गेले. कॉलेजच्या मुलींच्या विभागीय स्पर्धेत तिचं पोल व्हॉल्ट होतं, म्हणजे लांब काठीच्या आधाराने उंच दांडीवरून उडी.

तिचे बाबा गेल्यानंतरची ही पहिली स्पर्धा. धावत येऊन उडी घेताना तिचा पाय आखलेल्या खुणेपासून कुठे पडतो, हे तेच बघून सांगायचे. मी भीतीने डोळे मिटून घ्यायचे.

पहिली उडी चुकली. तीन चुकल्या की बाहेर. ती माझ्याकडे आली.

"आई, आता तू बघ पाय."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काही नाही. फक्त डोळे उघडे ठेव, म्हणजे झालं."

दुसऱ्या उडीला मी पाहिलं. आडवी दांडी पुन्हा पडली.

"पाय खुणेच्या वीतभर पुढे पडला," मी सांगितलं.

तिने धाव तेवढीच मागून सुरू केली. तिसऱ्यांदा ती वरून गेली आणि दांडी जागची हलली नाही.

पदक मिळालं नाही. पण पुढच्या स्पर्धेलाही पाय बघायला मीच उभी राहणार आहे.

घरातल्या दुसऱ्या माणसाचं म्हणून सोडून दिलेलं एखादं काम तुम्हालाही असं करावं लागलं का?

ती दमून झोपली आहे. मी कणीक मळायला घेते.