घरी कोण कुठं निजतं

वाघमारे गुरुजी नव्या विद्यार्थ्याला आधी त्याचे नाव विचारीत नसत. नाव हजेरीपटात असतेच, असे त्यांचे म्हणणे. ते विचारीत, "घरी कोण कुठं निजतं?" मूल गोंधळून बापाकडे पाही. मग गुरुजी म्हणत, "सांग की. आजी कुठं, आई कुठं, धाकटं कुणापाशी?" माझी कन्या सुनंदा हिला आठवीत घालून तिथल्या वसतिगृहात ठेवण्यासाठी मी लातूरच्या त्या शाळेत गेलो, तेव्हा तिलाही हाच प्रश्न झाला. तिने धडाधड सांगितले: "आजी चुलीशेजारच्या खोलीत, आई आणि मी तिच्या पायथ्याशी, अण्णा बाहेर पत्र्याखाली लोखंडी पलंगावर." अण्णा म्हणजे मी. "पक्कं हाय," गुरुजी म्हणाले. "जा, बस." गणिताच्या शिक्षकाने असला प्रश्न विचारावा, हे मला गैर वाटले आणि मी तसे बोलून दाखवले. "गुरुजी, घरच्या माहितीसाठी प्रवेश-अर्जात रकाना आहे." ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "रकान्यात गावाचं नाव मावतं, मुन्शीजी," एवढेच म्हणाले.

मला मुन्शीजी म्हणतात, कारण औशाच्या तहसील कचेरीसमोर मी अर्जनवीस आहे. निजामाचे राज्य गेले तरी आमच्या कामाचे जुने नाव राहिले. माझे स्वतःचे शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु मसुद्याच्या बाबतीत या तालुक्यातले वकीलसुद्धा माझ्या टेबलाशी थांबतात, हे येथे नमूद करणे भाग आहे. भूकंपानंतर किल्लारीकडच्या गावांचे शेकडो अर्ज माझ्या टंकयंत्रातून गेले. घर मिळावे, पत्रे मिळावेत, नाव यादीत यावे. गुरुजींचे गाव त्याच पट्ट्यातले, पण त्यांचा अर्ज त्यांत कधीच आला नाही. त्यांची हकीकत मला कळली ती त्यांच्या गावच्या एका गृहस्थाकडून, जे स्वतःच्या घराच्या अर्जासाठी आले होते.

भूकंपाच्या आदल्या दिवशी गणपती विसर्जनाची सुट्टी होती. गुरुजींनी त्या दिवशीही दहावीचा जादा तास ठेवला आणि ते लातुरात थांबले. बायको आणि सहा वर्षांचा मुलगा गावी. दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली. गुरुजी मिळेल त्या जीपने, उरलेले पायी, असे गावी पोचले, तेव्हा गाव म्हणजे दगडमातीचे ढीग होते. मदतीला आलेल्या जवानांनी त्यांना एकच विचारले: घरातली माणसे झोपत कुठे? गुरुजींनी माजघराची जागा दाखवली. जवानांनी दुपारपर्यंत तिथे उकरले. काही निघाले नाही. मग शेजारणीने सांगितले की उन्हाळ्यापासून ती दोघे ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या पडवीत झोपत. तिथे ती सापडली. "अंग अजून कोमट व्हतं," त्या गृहस्थांनी सांगितले आणि विचारले, "अर्जात वय लिवायचं का?" मी म्हणालो, लिहायचे.

त्याआधीच्या दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या दोन्ही सुट्ट्यांत गुरुजींनी शिकवण्या घेतल्या होत्या. वर्षभरात ते आपल्या घरी एक रात्रही झोपले नव्हते. लोक त्यांना म्हणत, "सर, तास व्हता म्हणून वाचलात." यावर गुरुजी खिशातून खडू काढून त्याचे टोक बोटांनी साफ करीत बसत.

पुढे लातूरचे नाव निकालासाठी गाजू लागले. गल्लोगल्ली शिकवण्या निघाल्या आणि शाळाही मागे राहिनात. सुनंदाच्या शाळेने वर्षभर चालणारे वेळापत्रक लावले. वार्षिक परीक्षा संपली की तिसऱ्या दिवशी पुढच्या इयत्तेचा पहिला धडा. दिवाळीला दोन दिवस, रविवारी चाचणी. पालकसभेत हे जाहीर झाले तेव्हा सर्वांत आधी टाळ्या मी वाजवल्या. पूर्वी मे महिन्यात वर्ग रिकामे असत, तेव्हा भिंतींना चुना लागे आणि मोडके बाक दुरुस्त होत. आता भिंती शाईने आणि डोक्याच्या तेलाने काळ्या झाल्या आणि तशाच राहिल्या. उन्हाळ्यात पत्र्याखाली मुलांचा घोळणा फुटे, नाकातून रक्त येई. नाकाला ओला रुमाल लावून मुले गणिते सोडवीत. वसतिगृहाचा पाण्याचा टँकर चौथ्या दिवशी येई. आमच्या गल्लीत लग्ने झाली, त्यांत मांडवात मोठी माणसेच तेवढी दिसली. हे सर्व मी पाहिले. पण निकालही पाहिला, आणि मला निकाल महत्त्वाचा वाटला.

सुनंदा दहावीत गेली त्या एप्रिलमध्ये मी तिला नवे कपडे द्यायला गेलो. गुरुजी व्हरांड्यात होते. त्यांनी तिला पुन्हा विचारले, "घरी कोण कुठं निजतं गं?" तिने तेच सांगितले: आजी चुलीशेजारच्या खोलीत, अण्णा पत्र्याखाली.

मी अभिमानाने दुरुस्ती केली. "गुरुजी, ते घर पाडले. आता वर स्लॅब टाकला. चूलही गेली."

"कधी, अण्णा?" सुनंदाने विचारले.

"माघात."

"मग आजी कुठं झोपती?"

"आहे की एक खोली," मी म्हणालो. तासाची घंटा झाली. ती कपड्यांची पिशवी घेऊन वर्गात गेली.

त्यानंतरच्या सोमवारी ते औशाला माझ्या टेबलाशी आले. पांढरा सदरा, खिशात खडू. "मुन्शीजी, संस्थेच्या अध्यक्षाला एक अर्ज लिवा. पोरांला उन्हाळ्यात महिनाभर घरला जाऊ द्या म्हणावं."

"कारण काय लिहू?"

"घरला जाऊ द्या, हेच कारण."

"हे कारण होत नाही, गुरुजी. अर्जदाराची तक्रार लागते, अर्जदाराचे नुकसान लागते. मुलांच्या वतीने मागायला तुम्ही त्यांचे कोण? पालक तर टाळ्या वाजवून बसले आहेत."

"तुमी बी वाजवल्या."

"वाजवल्या."

"तुमची लेक कुठं निजती, मुन्शीजी?"

मी वसतिगृहाचे नाव, गल्ली, पिन कोडासह सांगितले.

"पत्ता न्हाई इचारला म्या," गुरुजी म्हणाले.

मी कागद चढवला. आमच्या कामाचा नियम आहे: अर्जदाराने दाद स्वतःसाठी मागावी, दुसऱ्यासाठी मागितलेली दाद कचेरीत टिकत नाही. त्या नियमाने मी लिहिले की, अर्जदाराचे वय झाले आहे, वर्षभर अखंड अध्यापनाने प्रकृतीवर ताण पडत आहे, सबब उन्हाळ्यात एक महिना सुट्टी मंजूर व्हावी, ही विनंती. मसुदा उत्तम झाला होता. गुरुजींनी तो दोनदा वाचला.

"ह्याच्यात पोरं कुठं हायत?"

"पोरं आत गृहीत आहेत. शिक्षकच नसेल तर वर्ग कोण चालवणार? आपोआप सुट्टी होईल. उघड लिहिले तर पहिल्याच टेबलावर फेटाळतील."

"असं व्हतं व्हय?"

"माझ्या हातचा अर्ज परत आलेला नाही."

त्यांनी सही केली. त्या वेळी माझ्या मनात काय होते, हे मी अनेकदा तपासून पाहिले आहे. नियम खरा होता. आणि सुनंदाची दहावी होती, हेही खरे होते.

अर्ज आठवड्यात मंजूर झाला. गुरुजींना महिन्याची सुट्टी मिळाली आणि त्यांच्या जागी शिकवणीवर्गातला एक तरुण गणिताला आला. वर्ग एक दिवसही बंद पडला नाही. जूनमध्ये गुरुजी परत गेले, तेव्हा त्यांना प्रकृतीच्या कारणास्तव ग्रंथालयात बसवण्यात आले. कारण त्यांच्याच अर्जात लेखी होते.

मंजुरीचा कागद घेऊन ते मे महिन्यातच औशाला आले होते. भर उन्हाची वेळ, कचेरी जेवणाला उठलेली. त्यांनी कागद माझ्या टंकयंत्रावर ठेवला.

"मंजूर झाला, मुन्शीजी."

"मी म्हणालो होतो."

"व्हय. पण मी सुट्टी घिऊन काय करू? मला कुठं घर हाय?"

मी पाणी दिले. ते पिऊन त्यांनी भांडे उलटे करून ठेवले आणि ते लातूरच्या गाडीत बसले. पुढची दोन वर्षे ते ग्रंथालयात होते. तिथे कोणी येत नसे, कारण ग्रंथालयाचा तास वेळापत्रकातून काढला होता. निवृत्तीनंतर ते लातुरातच एका खोलीत राहिले आणि तिथेच वारले. बातमी मला एका टपालवाल्याकडून कळली, तीही अठरा दिवसांनी. त्या दिवशी मी सात अर्ज लिहिले. नेहमीएवढेच.

सुनंदाला दहावीत चांगले गुण पडले. तिला मी त्याच वसतिगृहात ठेवून बारावीपर्यंत शिकवले आणि तिला नांदेडला औषधनिर्माणाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. मी जे योजले होते त्याहून थोडे कमी, परंतु समाधानकारक. लातूरचे वसतिगृह सोडायच्या दिवशी मी तिची पेटी आणायला गेलो. मुलींच्या खोलीत एरवी पुरुषांना मज्जाव. त्या दिवशी सामानासाठी परवानगी होती. सुनंदा दाखल्यासाठी कचेरीत रांगेत उभी होती. देखरेख करणाऱ्या बाईंनी दार उघडून दिले. आत बारा खाटा होत्या, प्रत्येकीवर सारखीच चादर, प्रत्येकीखाली सारखीच पत्र्याची पेटी.

"तुमच्या मुलीची कोणती?" बाईंनी विचारले.

पाच वर्षे झाली होती. मी खिडकीजवळची खाट दाखवली. ती लहानपणी उजेडाकडे तोंड करून झोपे.

बाईंनी वाकून पेटीवरचे नाव वाचले. "ही न्हाई, काका," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेखाली वाकल्या. मग त्याच्या पुढच्या. मी दारातच उभा राहिलो.