निवद कुणी उष्टा केला?

आईच्या दातांत गवताची काडी होती आणि पाटलाच्या हातात काठी. काठीचं टोक त्यानं आईच्या खांद्याला टोचलं. म्हणाला, "बोल की गं. पालखी खोळंबलीया." मागं जमलेली माणसं हसली. मी नऊ-दहा वर्षांची. आईचा पदर धरून खाली मातीत उभी होते. देवीच्या डोंगराच्या पायरीवर उभं राहायचा हक्क फक्त आईचा. तोही वर्षातून एकदा, आणि पहिल्याच पायरीवर.

निपाणीपासून दोन-तीन कोसांवर आमचं गाव. गावाच्या डोक्यावर डोंगर, डोंगरावर देवी. पूर्वी ती खाली होती, ओढ्याकाठी, आमच्या महारवाड्याला लागून. पुजारी यात्रेदिवशी ही गोष्ट खड्या आवाजात सांगायचा. एका यात्रेला गावानं देवीला निवद दाखवायला ताट मांडलं. आमच्या घरातल्या पाच दिवसांच्या बाळंतिणीनं ते देवीआधी खाल्लं. देवी संतापली आणि डोंगर चढून गेली. कातळावर तिची पावलं उमटली. तेव्हापासून आमच्या घरच्या एका बाईनं पालखीपुढं दातांत गवत धरून उभं राहायचं. पुजारी विचारणार, "निवद कुणी उष्टा केला?" तिनं म्हणायचं, "आमी केला. पदरात घे, आई." मग गजर, आणि पालखी वर. आम्ही खालीच. देवीचं तोंड आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं.

ह्याला आम्ही मान म्हणत होतो. हसू नका. आई महिनाभर आधी लुगडं धुऊन घडी घालून ठेवायची. आप्पा, माझे वडील, मिशीला पीळ देत वस्तीत सांगायचे, "आमच्या घरची बाई बोलल्याबिगर पालखी हालत न्हाय."

त्या वर्षी आईचा तान्हा मुलगा जाऊन महिना झाला होता. तिसरा मुलगा. तिन्ही गेले, मी एकटी उरले. पुजाऱ्यानं गोष्ट सांगता सांगता आईकडं बोट केलं. "बगा, त्या पापाचं फळ. ह्यांच्यात अजून पोरगं जगत न्हाय." आईची वाचाच बसली. म्हणून ती काठी. शेवटी ती बोलली, पण गवतामुळं शब्द नीट फुटले नाहीत. पुजाऱ्यानं पुन्हा बोलायला लावलं.

घरी येताना ती मला म्हणाली, "मीच काय खाल्लं आसंल गं?"

मी तिचा पदर धरून चालत राहिले. पुढं हे ती सारखं विचारायची. भाकरीचा घास तोंडापाशी नेऊन थांबायची, आणि परत टोपलीत ठेवायची. झिजत गेली. लोक म्हणाले, ताप भिनला. मी म्हणते, त्या गोष्टीनं माझी आई खाल्ली.

माझं लग्न निपाणीत झालं. तंबाखूच्या वखारीत मी पानं निवडायला जाऊ लागले. आई गेली आणि मान माझ्याकडं आला, कारण घरात ना भाऊ ना भावजय. दोन वर्षं मी उभी राहिले. गवत धरलं, बोलले. हे झाकून ठेवत नाही. आप्पा गावात एकटे होते आणि सुगीला गाव देईल त्या बलुत्यावर जगत होते.

तिसऱ्या वर्षी माझी मुलगी दीड महिन्याची होती. अंगात ताकद नव्हती. जाणार नाही म्हटलं, तर आप्पांचा निरोप आला. "ये गं पोरी. न्हायतर मला गावात ऱ्हाता यायचं न्हाय." गेले.

मानाच्या बाईला त्या दिवशी उपास. सकाळपासून पोटात पाणी तेवढं. पायरी उन्हानं तापलेली. मुलगी अंगावर ओढत होती, दूध येत नव्हतं, ती रडत होती. पुजाऱ्यानं गोष्ट सुरू केली. "पाच दिसांची बाळंतीण हुती," तो म्हणाला, आणि गोष्टीतल्या त्या बाईकडं मी पहिल्यांदा पाहिलं. आजवर सगळ्यांनी देवीचा राग पाहिला होता. ह्या बाईचं पोट कुणी पाहिलं नव्हतं. पाच दिवसांची ओली बाळंतीण उठून दुसऱ्याच्या ताटाकडं का गेली असेल? गावात घरोघर पुरण शिजत होतं की त्या दिवशी.

"निवद कुणी उष्टा केला?"

मी गवत थुंकलं. "भुकेल्या बाळंतिणीनं खाल्ला," म्हणाले. "तवा गाव काय करत हुतं?"

पुजाऱ्यानं पुन्हा विचारलं. मी तेच बोलले, अजून मोठ्यानं. पाटील पुढं झाला, पण त्याच्याआधी आप्पा धावत आले आणि त्यांनी माझे पाय धरले. बापानं लेकीचे पाय धरले. "बोल गं माय. येवढा डाव बोल." मी डळमळले. खोटं कशाला सांगू? पण आईला जे उत्तर मी दिलं नव्हतं, ते तिथं तोंडात आलं. "माझ्या आईनं काय बी खाल्लं न्हवतं," म्हणाले, आणि मुलीला घेऊन खाली उतरले.

पाठीत दगड बसले. तासाभरानं पालखी डोंगर चढली. कुणी न बोलता चढली.

आप्पांचं बलुतं बंद झालं, गावात बोलणंही बंद झालं. मी त्यांना निपाणीला आणलं. दोन वर्षं माझ्या घरात राहिले, माझ्या हातचं जेवले, माझ्याशी चार वाक्यं बोलले नाहीत. शेवटाला म्हणाले, "माझी माती गावात पडायची न्हाय बग." ते दुःख माझ्या पदरात आहे. आईला सांगायचं राहिलं, आणि आप्पांना कधी पटलं नाही.

आता मुलगी न्हातीधुती झाली. मागच्या महिन्यात आमच्याच वस्तीतले दोन म्हातारे घरी आले. आमचीच माणसं. म्हणाले, "गावानं मागलं पोटात घातलंया. पोरीला धाडा. न्हायतर मान दुसऱ्याच्या घरात जाईल."

मी त्यांना चहा दिला. मग सांगितलं, माझी लेक दातांत गवत धरणार न्हाय. आणि तुमी दुसऱ्या कुणाची बाई हुभी केलीसा, तर मी त्या पायरीवर येऊन तिच्या तोंडातलं गवत माझ्या हातानं काढीन. मार खाईन, पण काढीन.