सिस्टरना दिसला आमचा पासवर्ड!

मंडळी, आज इतकी घाबरले आणि नंतर इतकी खूश झाले की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना!

मी बल्लारपूरला कॉम्प्युटर क्लास घेते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पेशंटना रक्तदाते मिळावेत म्हणून पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत एक साइट बनवली आहे. दुपारी अहेरीच्या दवाखान्यातून मंदा सिस्टरचा फोन आला, त्या ही साइट वापरतात.

"ताई, साइटच्या पत्त्याचं शेपूट चुकून खोडलं, तर फाइलींची यादी आली. कॉन्फिगवर क्लिक केलं. इथी तर पासवर्ड दिसून राह्यला!"

त्या पासवर्डनं पेशंटची सगळी नावं उघडतात. सिकलसेल आहे हे गावात कळलं, तर पोरींची जमलेली लग्नं मोडतात.

चूक माझीच. त्या कॉन्फिगला, म्हणजे साइटच्या सेटिंगच्या फाइलला, .php ऐवजी .inc नाव दिलेलं, त्यामुळे सर्व्हर ती चालवण्याऐवजी जशीच्या तशी दाखवत होता.

लगेच पासवर्ड बदलला. फाइल वेबच्या फोल्डरबाहेर हलवली, यादी दिसणं बंद केलं. मग कोणती फाइल कधी उघडली गेली याची सर्व्हरवरची नोंद पाहिली. ती फाइल आजवर एकदाच उघडली गेली होती, आज दुपारी, आपल्या सिस्टरनी!

त्यांना परत फोन लावला. "आता पाहा बरं."

"आता काहीच नाई दिसत, ताई. पण रक्तदाते दिसून राह्यले!"

मी क्लासमध्येच टाळ्या वाजवल्या.

दोन वर्षं मी हाच कोड मुलांना शिकवतेय. उद्या आधी माझी चूक सांगणार. तुमची कॉन्फिग फाइल कुठे आहे? तिचा पत्ता आत्ताच ब्राउझरमध्ये टाकून बघता का?